मॉब, ॲग्रो आणि लूट

‘एलएफएम यूबीआरएस नीड टँक अँड हील्स पीएसटी.’

२००५ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातल्या कुठल्याही मोठ्या शहरात पाऊल टाकलं, की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत अशा ओळी एकामागून एक सरकत असत. ही ओळ इंग्रजी आहे, पण इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या माणसालाही ती कळणार नाही. खेळणाऱ्याला मात्र ती वाचायला क्षणही लागत नसे. तिचा अर्थ असा: आम्ही काही जण अपर ब्लॅकरॉक स्पायर नावाच्या गढीत शिरायला निघालो आहोत. अजून माणसं हवी आहेत. पुढे उभं राहून मार झेलणारा एक पाहिजे आणि जखमा भरून काढणारे पाहिजेत. ज्याला यायचं असेल त्यानं मला खासगी निरोप पाठवावा. एवढा सगळा मजकूर सात शब्दांत.

टोळक्यांच्या बोलीचा विषय निघाला की आपल्याला आधी गुप्त भाषा आठवते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारे दलाल असोत, नाहीतर चोरांची सांकेतिक बोली असो, तिथे तिसऱ्याला कळू नये हाच हेतू असतो. ऑनलाइन कल्पनारम्य खेळांतल्या खेळाडूंची बोली तशी नाही. त्यांना उलट अनोळखी माणसाला चटकन कळायला हवं असतं. समोरचा माणूस ओस्लोत बसलाय की मनिलात हे ठाऊक नसतं, त्याचा चेहरा दिसत नाही, हात कळफलकावर अडकलेले असतात आणि राक्षस अंगावर आलेला असतो. अशा वेळी ज्याला पूर्ण वाक्य लिहायचं असेल त्याचं पात्र वाक्य संपायच्या आत मरतं. या बोलीचा उगम तिथे आहे. तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे खेळाचा एखादा नियम उभा असतो. नियम बदलला की शब्द सुकतो, नियम टिकला की शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालतो. या प्रकरणात आपण असे काही शब्द उलगडून पाहणार आहोत.

खेळाला स्वतःची भाषा असणं आपल्याला नवं नाही. अंगणात खेळताना ज्याच्यावर राज्य येतं त्याला आपण राजा समजत नाही. ‘टाइमप्लीज’ म्हणून मूठ तोंडाजवळ नेली की कुणी आपल्याला बाद करू शकत नाही. धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेतलं, की तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. विटीदांडूत मोजणी व्हायची ती ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी. मराठी मुलं मराठी अंगणात एक, दोन, तीन, चार न म्हणता हे शब्द का म्हणत, याचं उत्तर तेलुगूत मिळतं: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. खेळ गावोगाव फिरला आणि फिरताना शब्द बरोबर घेऊन आला. मोजणारी भाषा मागे राहिली, मोजणी पुढे गेली. ऑनलाइन खेळांच्या बाबतीत हेच झालं आहे, फक्त अंगण पृथ्वीएवढं झालं आहे.

त्या अंगणाची पहिली फरशी १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात बसवली गेली. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या संगणकावर एक खेळ लिहायला घेतला आणि त्याचा मित्र रिचर्ड बार्टल यानं पुढे तो वाढवला. नाव ‘मल्टी-यूजर डंजन’, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी उतरायचं तळघर. आद्याक्षरं घेऊन ‘मड’. त्यात एकही चित्र नव्हतं. ‘तू एका अरुंद वाटेवर उभा आहेस’ अशी वाक्यं पडद्यावर उमटत आणि खेळाडू उत्तरादाखल आज्ञा टंकत. या खेळात स्वतःहून हिंडणारे जे प्राणी होते त्यांना बार्टलनं ‘मोबाइल’ म्हटलं, म्हणजे हलणारे, चालते. त्याचं लघुरूप झालं ‘मॉब’. इंग्रजीत मॉब म्हणजे जमाव, पण खेळात एकटा लांडगाही मॉब असतो. ज्यांना हा उगम ठाऊक नाही त्यांना हे चमत्कारिक वाटतं. आपल्या ओळीतला शेवटचा शब्द ‘पीएसटी’ हाही याच घराण्यातला. ‘प्लीज सेंड टेल’ मधलं ‘टेल’ म्हणजे मड खेळांतली आज्ञा होती. ‘टेल’ लिहायचं, पुढे कुणाचं तरी नाव लिहायचं, की निरोप फक्त त्यालाच पोचे.

मडच्याही आधीचा एक थर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेले मित्र एवढंच त्याला लागे. पातळी या अर्थाचं ‘लेव्हल’, अनुभवाचे गुण म्हणजे ‘एक्सपी’, वर्ग या अर्थाचं ‘क्लास’ आणि जीव मोजण्याचं माप म्हणजे ‘हिट पॉइंट्स’ हे सगळं या खेळानं घरोघरी नेलं. हिट पॉइंट्सची कल्पना आर्नेसननं जहाजांच्या लढाईच्या खेळातून घेतली होती. एखादी नौका बुडायच्या आधी किती गोळे सोसते, असा तो हिशोब. म्हणजे आज एखादी पोरगी ‘माझी एचपी संपली’ असं म्हणते तेव्हा ती तोफांनी छिद्रं पडलेल्या जहाजाची मोजणी स्वतःच्या पात्राला लावत असते. जादूची ताकद मोजणारा ‘माना’ हा शब्द तर प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. तिथल्या लोकांच्या श्रद्धेत माना म्हणजे माणसात, वस्तूत, जागेत वसणारी शक्ती. रॉबर्ट कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याच्या मेलनेशियावरच्या १८९१ च्या पुस्तकातून तो पाश्चात्य अभ्यासकांच्या चर्चेत आला. लॅरी निवेन या लेखकानं १९६९ मध्ये एका कथेत मानाला संपून जाणाऱ्या इंधनासारखं वापरलं. संपणारी वस्तू मोजता येते, आणि मोजता येणारी गोष्ट खेळाला लगेच उपयोगी पडते.

या बोलीला खरा बहर आला तो १९९९ च्या मार्चमध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आला तेव्हा. आता चित्रं होती, नॉरथ नावाचं अख्खं जग होतं आणि त्यात हजारो माणसं एकाच वेळी वावरत होती. हा खेळ कठोर होता. त्याच्या कठोरपणानं भाषेला जेवढं दिलं तेवढं नंतरच्या सोप्या खेळांनी दिलं नाही, असं माझं मत आहे. ‘ट्रेन’ हा एकच शब्द पाहा. नॉरथमधला राक्षस एकदा मागे लागला की सहजासहजी पाठ सोडत नसे. पळणारा खेळाडू आणखी दोन गुहांवरून गेला की तिथलेही राक्षस मागे लागत. बघता बघता दहा-पंधरा जणांची रांग त्याच्या मागे धावू लागे, इंजिनामागे डबे लागावेत तशी. पळणाऱ्याला सुटकेचा एकच मार्ग, त्या प्रदेशाची सीमा ओलांडणं. तो पलीकडे गेला की नाहीसा होई. मागची रांग मात्र तिथेच राही आणि सीमेजवळ निवांत बसलेल्या लोकांवर तुटून पडे.

आणि ते खरोखर बसलेले असत. मंत्र चालवणाऱ्या पात्राला माना परत मिळवण्यासाठी जमिनीवर बसून पोथी उघडावी लागे. सुरुवातीच्या पातळ्यांवर ती उघडी पोथी जवळजवळ अख्खा पडदा झाकून टाकी. समोर काय चाललंय हे दिसतच नसे. अशा माणसाला वाचवण्याचा एकच उपाय होता, ओरडणं. म्हणून पळता पळताही खेळाडू ‘ट्रेन टू झोन!’ असं लिहीत. स्वतःचा जीव जात असताना अनोळखी माणसाला सावध करण्यासाठी तीन शब्द टंकायचे, ही त्या जगाची सभ्यता होती. जो न ओरडता राक्षस दुसऱ्याच्या अंगावर घालून निघून जाई त्याचं नाव लोक लक्षात ठेवत. पुढे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नियम बदलला. मोकळ्या रानातला राक्षस ठरावीक अंतर पाठलाग करून आपल्या जागी परतू लागला. त्याबरोबर ही आरोळी विरत गेली.

तीच गत ‘सीआर’ची. एव्हरक्वेस्टमध्ये मेल्यावर तुमचं प्रेत सगळ्या सामानासह मेलेल्या जागी पडून राही आणि तुम्ही उघडेवाघडे दूर कुठेतरी जिवंत होत असा. मग जीव मुठीत धरून प्रेतापर्यंत जायचं. तो ‘कॉर्प्स रन’. मित्र रात्री उशिरापर्यंत जागून एकमेकांची प्रेतं आणायला जात. मेल्यावर सामान अंगावरच राहील असे खेळ आले आणि या शब्दामागची ती धडपड त्या पिढीच्या आठवणींपुरती उरली. टिकलं ते ‘डिंग’. एव्हरक्वेस्टमध्ये वरच्या पातळीवर गेलं की घंटेसारखा आवाज होई. तो फक्त त्या खेळाडूलाच ऐकू येई, म्हणून तो स्वतःच ‘डिंग’ असं लिहून सगळ्यांना कळवी. लगेच चारही बाजूंनी ‘ग्रॅट्स’ म्हणजे अभिनंदन. आवाज बदलले, खेळ बदलले, तरी वरची पातळी गाठली की सोबत्यांना ते सांगावंसं वाटतंच, त्यामुळे डिंगला धक्का लागला नाही.

त्या काळातली बाजारपेठही लोकांनी आपापली उभी केली होती. खेळात बाजाराची सोय नव्हती, तेव्हा ईस्ट कॉमनलँड्स या भागातल्या एका बोगद्यात खेळाडू आपणहून जमू लागले. आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या आरोळ्या उठतात तशा तिथे ‘डब्ल्यूटीएस’ आणि ‘डब्ल्यूटीबी’ या आरोळ्या उठत. विकायचंय आणि घ्यायचंय, एवढाच अर्थ. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञानं २००१ मध्ये या जगाचा हिशोब मांडला. नॉरथमधल्या वस्तू लोक खऱ्या डॉलरांत विकत होते. त्या भावांवरून त्यानं दरडोई उत्पन्न काढलं, ते २,२६६ डॉलर आलं. रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधलं. आरोळ्यांच्या त्या बोगद्याला अर्थव्यवस्था म्हणायला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

याच अर्थव्यवस्थेतून ‘फार्म’ आणि ‘ग्राइंड’ आले. एकाच जागी एकाच जातीचे राक्षस पुन्हा पुन्हा मारून माल गोळा करणं म्हणजे फार्म करणं, शेतातून पीक काढल्यासारखं. आणि पातळी वाढवण्यासाठी तासन्‌तास तेच ते करणं म्हणजे ग्राइंड. या शब्दासाठी मराठीला कुठे हात पसरायला नको. ‘तेच ते दळण दळतोय’ असं आपण म्हणतोच. जात्याचा पाळू फिरत राहतो, पीठ थोडं थोडं पडतं, हात दुखतात. इंग्रजीनं आणि मराठीनं कंटाळवाण्या कष्टासाठी तीच क्रिया निवडली आहे.

आता प्रत्यक्ष लढाईत ही बोली कशी चालते ते पाहू. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’, नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला खेळ. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. गढीच्या दालनाबाहेर पाच जण उभे आहेत. एक टँक, एक हीलर, तिघे मारा करणारे. आत तीन शत्रू. टँक एकाच्या डोक्यावर कवटीचं चिन्ह लावतो, दुसऱ्याच्या डोक्यावर चंद्राचं. कुणी काही विचारत नाही. कवटी म्हणजे आधी याला मारायचं. चंद्र म्हणजे जादूगारानं याला मेंढी करायचं. जादूगाराच्या एका मंत्रानं शत्रू खरोखरच मेंढी होऊन गोल गोल फिरू लागतो, म्हणून ‘शीप’ हे क्रियापद झालं आहे. पण मेंढीला जरा मार लागला की ती पुन्हा राक्षस होते. म्हणून अलिखित नियम असा, की चंद्राला कुणी हात लावायचा नाही.

टँक लिहितो, ‘पुलिंग’. ओढतोय. तो बाण मारून शत्रूंना दाराबाहेर खेचतो. तिघे धावत येतात, एक मेंढी होतो, दोघे टँकवर तुटून पडतात. इथे या खेळाचा सगळ्यांत सुंदर नियम कामाला लागतो. प्रत्येक शत्रूच्या मनात एक यादी असते. कुणी किती मारलं, कुणी कुणाच्या जखमा भरल्या, त्यावरून कोण किती धोकादायक आहे याची ती यादी असते. यादीत जो वर, त्याच्यावर शत्रू धावतो. टँकचं काम म्हणजे शत्रूला चिथावून यादीत स्वतः सतत वर राहणं. जवळून लढणाऱ्यानं टँकच्या ११० टक्के धोका ओलांडला किंवा लांबून मारणाऱ्यानं १३० टक्के ओलांडला, की शत्रू वळतो आणि त्याचा गळा धरतो. हे लक्ष ओढलं जाणं म्हणजे ‘ॲग्रो’. हा शब्द ब्रिटनमधल्या रस्त्यांवरचा. साठ-सत्तरच्या दशकांत तिथली उनाड पोरं मारामारीला ‘ॲग्रो’ म्हणत. हीलरनं भरभरून जखमा भरल्या तर ॲग्रो त्याच्यावरही येतो. जीव वाचवणाराच मरतो. म्हणून ‘ॲग्रो ऑन हीलर’ ही आरोळी आली की उरलेले चौघे हातातलं सोडून धावतात. मग दिसतं ‘ओओएम’, म्हणजे माना संपला. आणि दहा सेकंदांत सगळे आडवे. त्याला ‘वाइप’ म्हणतात, पाटी पुसावी तसं.

या पाच जणांत काम वाटून घेण्याच्या पद्धतीला खेळाडू ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. मार झेलणारा, जखमा भरणारा, मारणारा. मला या शब्दसंग्रहात विशेष वाटतं ते असं, की यातले बहुतेक शब्द हत्यारांची वा मंत्रांची नावं नाहीत. ते जबाबदाऱ्यांची नावं आहेत. ‘टँक’ म्हटलं की कोण कुणासाठी उभा आहे हे ठरतं. शत्रूला अंतरावर ठेवून, तो जवळ आला की मागे सरत त्याला फिरवत राहणं, याला ‘काइट’ करणं म्हणतात. मांजा हातात धरून पतंग झुलवावा तशी ती क्रिया असते. आणि कुणाशी न बोलता एकटाच आत घुसणाऱ्याला काय म्हणायचं, तेही ठरलेलं आहे. २००५ च्या मे महिन्यात एक चित्रफीत फिरली. एक गट अपर ब्लॅकरॉक स्पायरमधल्या ड्रॅगनच्या पिल्लांच्या दालनाबाहेर उभा राहून बारकाईनं डावपेच आखतोय. जिंकण्याची शक्यताही टक्क्यांत काढून झाली आहे. इतका वेळ जागेवर नसलेला एक जण परत येतो, लीरॉय जेंकिन्स असं स्वतःच्या पात्राचं नाव आरोळी ठोकून घेतो आणि आत धावतो. सगळे मरतात. ती चित्रफीत मुद्दाम रचलेली होती, पण असा माणूस प्रत्येकाला भेटलेला होता. ‘लीरॉय’ हे विशेषनाम त्या वर्षभरात सामान्यनाम झालं.

लढाई जिंकली की लूट. हा शब्द आपला आहे. हिंदी-मराठीतला ‘लूट’ अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या फौजांतून इंग्रजीत गेला आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे. ऑनलाइन खेळांत मेलेल्या राक्षसाजवळ सापडणारी प्रत्येक वस्तू लूट आहे. आणि लूट आली की वाटणीचं भांडण आलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं पडद्यावर बटणंच दिली, ‘नीड’ आणि ‘ग्रीड’. गरज आणि हाव. ज्याला वस्तू अंगावर घालायची आहे त्यानं गरज दाबावी, ज्याला विकायची आहे त्यानं हाव दाबावी. गरज असेल तर हाव मागे पडते. एका खेळाच्या बटणांवर दोन नैतिक शब्द लिहिलेले असावेत आणि कोट्यवधी लोकांनी ते वर्षानुवर्षं रोज दाबावेत, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. गरज नसताना गरज दाबून वस्तू घेऊन पळणारा तो ‘निंजा’. त्याला गटात घ्यायचं नाही, हे सगळ्या सर्व्हरवर पसरे.

चाळीस जणांनी मिळून एखादा ड्रॅगन मारला आणि त्याच्याकडून दोन-तीनच वस्तू मिळाल्या, तर दोन बटणं पुरत नाहीत. एव्हरक्वेस्टमधल्या संघांनी त्यासाठी ‘डीकेपी’ ही पद्धत काढली: ड्रॅगन किल पॉइंट्स. मोहिमेला हजर राहिलात की गुण जमा, वस्तू घेतलीत की गुण वजा. कुणीतरी रात्री बसून चाळीस जणांचा जमाखर्च लिहायचा. लुटीचा हिशोब म्हटल्यावर मराठी वाचकाला सभासदाची बखर आठवेल. मोहिमेवरून परतलेल्या लष्कराचा झाडा घ्यावा, सोनं, रुपं, जडजवाहीर सरकारात जमा करावं, असा शिवाजी महाराजांच्या राज्यातला दंडक तिच्यात नोंदलेला आहे. ज्या मुलखातून ‘लूट’ हा शब्द जगात गेला त्या मुलखानं तिचा हिशोबही लिहून ठेवला होता.

आपला दुसरा शब्द म्हणजे ‘अवतार’. रिचर्ड गॅरियटनं १९८५ मध्ये ‘अल्टिमा’ मालिकेतला चौथा खेळ काढला. त्यात शेवटी महाराक्षसाला मारायचं नव्हतं. खेळाडूनं सत्य, प्रेम आणि धैर्य यांतून आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं होतं. पुढच्याच वर्षी लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या ऑनलाइन जगात पडद्यावरच्या माणसाच्या आकृतीलाच अवतार म्हटलं गेलं. खेळणारा बाहेर खुर्चीत, आणि आत उतरलेलं त्याचं रूप. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘तॄ’ म्हणजे तरून येणं, ही व्युत्पत्ती इथे जितकी चपखल बसते तितकी ती रचणाऱ्यांना माहीत होती की नव्हती याला महत्त्व नाही. शब्दानं आपलं काम बरोबर ओळखलं.

खेळाडूंचा राग साठवणाराही एक शब्द आहे. ‘अल्टिमा ऑनलाइन’ या १९९७ च्या खेळात तलवारींची ताकद कर्त्यांनी कमी केली तेव्हा लोक चिडले. आता आम्ही नर्फच्या तलवारीनं मारतोय, असं ते म्हणू लागले. ‘नर्फ’ म्हणजे १९७० च्या सुमारास अमेरिकेत आलेली मऊ फोमची खेळणी, कितीही जोरात मारा, लागत नाहीत. तेव्हापासून कुठलीही ताकद कमी करणं म्हणजे ‘नर्फ’ करणं, आणि वाढवणं म्हणजे ‘बफ’ करणं.

देशोदेशीचे लोक एकत्र आले की हसू आणि निरोप कसे लिहायचे हाही प्रश्न येतो. थाई खेळाडू ‘५५५’ लिहितात, कारण थाई भाषेत पाचाला ‘हा’ म्हणतात. चिनी खेळाडू निरोप घेताना ‘८८’ लिहितात, तो ‘बाबा’ असा उच्चार बायबायच्या जवळ जातो. कोरियन खेळाडूंचं हसण्याचं ‘केकेके’ ‘स्टारक्राफ्ट’ खेळणाऱ्यांना ओळखीचं होतं. हसण्याचा असाच एक शब्द ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये निघाला. तिथे अलायन्स आणि होर्ड असे दोन वैरी पक्ष आहेत. एकानं लिहिलेलं दुसऱ्याला कळू नये म्हणून खेळ प्रत्येक शब्दाऐवजी तेवढ्याच अक्षरांचा एक खोटा शब्द दाखवतो. होर्डच्या माणसानं हसण्यासाठी तीन इंग्रजी अक्षरांचं ‘लोल’ लिहिलं, की अलायन्सवाल्याला दिसायचं ‘केक’. कुणीतरी आपल्याला मारलं आणि प्रेतावर उभं राहून ‘केक’ म्हटलं, असा अनुभव इतक्यांना आला, की अर्थ आपोआप उलगडला. दोन पक्षांना वेगळं ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंतीतून दोघांना समजणारा एक शब्द आरपार गेला. आज हा खेळ कधीही न खेळलेले लोक हसण्यासाठी ‘केक’ लिहितात.

याच्या उलट प्रयोग ‘फायनल फँटसी’च्या अकराव्या खेळात झाला. २००२ साली तो जपानमध्ये आला आणि पुढे जपानी व अमेरिकी खेळाडू एकाच जगात खेळू लागले. कर्त्यांनी नेहमीच्या वाक्यांचा कोशच खेळात घातला. एकानं इंग्रजीत वाक्य निवडलं की दुसऱ्याला ते जपानीत दिसे. पण खेळाडू तेवढ्यावर थांबले नाहीत. जपानी माणसं काम संपल्यावर एकमेकांना श्रमाबद्दल धन्यवाद देतात, ते ‘ओत्सु’ हे लघुरूप अमेरिकी मुलं आपसांत वापरू लागली. इंग्रजी खेळाडू शेवटी ‘जीजी’ म्हणतात, म्हणजे खेळ छान झाला. जपानी खेळाडू म्हणतो, दमलात. दोन समाज कशाचं कौतुक करतात हे यातून दिसतं.

माणूस खेळात कशासाठी उतरतो यावर बार्टलनं १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. त्यानं खेळाडूंना पत्त्यांच्या चार रंगांत वाटलं. चौकट म्हणजे संपत्ती आणि यश मिळवणारे, इस्पिक म्हणजे खणून खणून शोधणारे, बदाम म्हणजे गप्पांसाठी येणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला मारण्यात रस असणारे. बोलीकडे पाहिलं तर चारही रंगांनी तिच्यात भर घातली आहे. डिंग चौकटवाल्यांचं, ग्रॅट्स बदामवाल्यांचं.

सुरुवातीची ओळ पुढे मागे पडली. डिसेंबर २००९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं गट जुळवून देणारं यंत्रच खेळात बसवलं. बटण दाबायचं आणि वाट पाहायची. टँक पाहिजे म्हणून ओरडायची गरज संपली, तसं ‘पीएसटी’ विरळ झालं. जुने खेळाडू त्यावर हळहळतात. मला त्यांची हळहळ पटते, कारण ओरडून माणूस शोधताना त्याच्याशी दोन शब्द बोलावे लागत.

महाराष्ट्रात ही बोली कल्पनारम्य खेळांपेक्षा मोबाइलवरच्या लढाईच्या खेळांतून जास्त पसरली. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ आला. बसस्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर मुलं बोलतात ते ऐका: ‘रश मार’, ‘कव्हर दे’, ‘नॉक झालो’, ‘अरे आधी लूट कर’. मारणं, देणं, होणं, करणं या चार क्रियापदांच्या दावणीला मराठीनं सगळे परके शब्द बांधून टाकले आहेत. यातलं ‘लूट कर’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थबकलो. मराठीत ‘लुटणे’ हे क्रियापद असताना मुलं ते वापरत नाहीत. लुटायला समोर कुणीतरी लुटला जाणारा लागतो. खेळात मात्र रिकाम्या घराच्या जमिनीवर पडलेली बंदूक, हेल्मेट, औषधं उचलायची असतात. त्यासाठी त्यांनी इंग्रजीत जाऊन सौम्य झालेला ‘लूट’ उचलला आणि त्याला ‘कर’ जोडलं. आपलाच शब्द दोन शतकं परदेशी राहून, स्वभाव बदलून परत आला आणि मुलांनी त्याला जुन्या क्रियापदापासून वेगळं ठेवलं. ‘आजकालच्या मुलांची भाषा’ म्हणून नाक मुरडण्याआधी हा बारकावा पाहावा.

घरात कुणी ‘माइनक्राफ्ट’ खेळत असेल तर त्याला विचारा, रात्री बाहेर येणाऱ्या झॉम्बींना आणि कुरणात चरणाऱ्या गायी-मेंढ्यांना मिळून काय म्हणतात. २०२३ पर्यंत ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेलेल्या या खेळात त्या सगळ्यांना ‘मॉब’ म्हणतात.